एकशे वीस किलोंची सीट

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. या चार महिन्यांत माझं वजन नऊ किलोंनी वाढलं, ते मी हौसेनं वाढवलेलं नाही. ते समाजकार्यात वाढलं. समाजकार्यात माणूस झिजतो, असं मी स्वतःच वर्तमानपत्रात एकतीस वर्षं लिहीत आलो. ते छापील विधान मी या ठिकाणी मागे घेतो.

आमच्या कारा-बाल्टा गावापासून दक्षिणेतल्या ओश शहराकडे जाणारा डोंगरी रस्ता सुरू होतो, आणि त्या रस्त्याला लागणारे निम्मे ट्रक माझ्या घरासमोरच्या डेपोतून निघतात. निघताना हॉर्न वाजवतात. हॉर्न मला उद्देशून असतो असं मी मानतो, कारण जिल्ह्याच्या पेपरात माझं विनोदी सदर होतं आणि ड्रायव्हर लोक ते वाचायचे. म्हणजे त्यात जेवण बांधून न्यायचे. पण उलगडताना थोडंफार वाचलं जातच असणार. निवृत्त झाल्यावर मला वाटलं की आता निवांत बसावं. शेजाऱ्यांना वाटलं की हा आता निवांत बसलाय. या दोन वाक्यांत फरक थोडासाच आहे, पण त्या फरकात माझा अख्खा उन्हाळा गेला.

मे महिन्यात एका सकाळी ओर्मोन आला. दारातून आधी पोट आलं, मग तो.

"एसेनकुल बाइके, एक अर्ज लिहायचाय."

आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला बाइके म्हणतात. कुणी बाइके म्हणून सुरुवात केली की ओळखावं, काम फुकट करायचंय.

ओर्मोनबद्दल मी मस्करी करणार आहेच, म्हणून खरं ते आधी सांगून टाकतो. हा माणूस बावीस वर्षं ओशच्या रस्त्यावर ट्रक चालवतोय. तोओ-अशूच्या घाटात बर्फाचं वादळ सुटलं की मागचे वीस ट्रक त्याच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून उतरतात. एकही कधी दरीत गेला नाही. असा माणूस माझ्या ओट्यावर शाळेतल्या पोरासारखा टोपी चुरगाळत उभा होता, कारण त्याचं वजन एकशे चौतीस किलो होतं.

झालं होतं असं. डेपोचे मालक कालमुर्झा यांनी आठ नवे ट्रक घेतले. ट्रकाबरोबर पुस्तक आलं, आणि कालमुर्झा यांनी ते वाचलं. यंत्राबरोबर आलेलं पुस्तक वाचणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. पान चौसष्टवर लिहिलं होतं की ड्रायव्हरची सीट हवेच्या दाबावर चालते आणि ती एकशे वीस किलोंपर्यंतच भार घेते. झालं, दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना. जुने ट्रक सप्टेंबरअखेर विकणार. तोवर जो एकशे विसाच्या खाली येईल त्याला नवा ट्रक. न येणाऱ्याला फाटकावरची चौकी, बसून दांडा वर-खाली करायचं काम.

"मी दांडा वर करायचा आणि बाकीच्यांनी घाटात जायचं?" ओर्मोन म्हणाला. "त्यापेक्षा मला त्या दांड्यालाच टांगा की, बाइके."

"तुला टांगलं तर दांडा वर जाणार नाही," मी म्हणालो आणि कागद ओढला.

अर्ज तीन पानी झाला. सीट माणसासाठी असते की माणूस सीटसाठी, इथपासून सुरुवात करून मी आमच्या लोकांचा घोड्याच्या पाठीवरचा सारा इतिहास मांडला. कुठल्याही घोड्यानं स्वाराला वजन विचारल्याची नोंद नाही, हे ठासून सांगितलं. दोन दिवसांनी अर्ज परत आला. कोपऱ्यात निळ्या शाईत एक ओळ: 'सीटला वाचता येत नाही. — कालमुर्झा.'

एकतीस वर्षांत माझ्या लिखाणावर इतकी नेमकी टीका कुणी केली नव्हती. मी दोन दिवस जेवलो नाही. (ही त्या चार महिन्यांतली माझी शेवटची काटकसर.)

तिसऱ्या दिवशी बुरुलचा आली. बुरुलचा ही डेपोची नर्स. चणीनं एवढीशी, पण ड्रायव्हर वाहतूक पोलिसाला घाबरत नाहीत तेवढे तिला घाबरतात. तिनं माझ्या अंगणातल्या मेजावर चहाच्या वाट्या बाजूला सारून रक्तदाबाचं यंत्र ठेवलं, ओर्मोनचा दंड पट्ट्यात आवळला, आणि आकडा बघून गप्प झाली. बुरुलचा गप्प झालेली आम्ही कुणी पाहिली नव्हती.

"सीटचं सोड," ती शेवटी म्हणाली. "मोडली तर दुसरी मिळते. तुझ्या छातीत जे आहे ना, त्याचं पुस्तक मी वाचलंय. त्यातही पान चौसष्ट आहे."

"मग आता?"

"आता अर्ज नाही. आता माणूस कमी करायचा. तुला आणि आणखी सहा जणांना. आणि बाइके, तुम्ही आमचे सचिव."

"मीच का?"

"तुम्ही रिकामे आहात आणि तुमच्याकडे वही आहे."

असं आमचं मंडळ स्थापन झालं.

पहिली अडचण काट्याची. डेपोतल्या बुरुलचाच्या खोलीत जुना दांडीचा काटा आहे. तो एकशे विसापर्यंतच दाखवतो. त्यापुढचा माणूस वर चढला की दांडी ठण्णकन वर आपटते आणि तिथंच अडकून बसते. सातांपैकी सातही जण चढले. सात वेळा ठण्ण. घंटा ऐकून जेवणाची सुट्टी झाली समजून कारखान्यातले मेकॅनिक हात धुवायला गेले.

मग माझा शेजारी सातार पुढे आला. तो जनावरांच्या बाजारात काट्यावर बसतो. "मेंढी, गाय, घोडा, सगळं तोलतो. ड्रायव्हर त्यांच्या मधेच कुठंतरी बसेल," तो म्हणाला. रविवारी सकाळी आम्ही बाजारात गेलो. ओर्मोन पिंजऱ्यात शिरला. मागून त्याची बायको सोनुंबू दार लावून घ्यायला विसरली नाही. दोन गिऱ्हाइकं थांबून त्याचे दात बघायच्या बेतात होती.

शिक्क्याची चिठ्ठी हवी होती, कारण कालमुर्झा शिक्का नसलेला आकडा वाचत नाहीत. सातारनं छापील चिठ्ठी भरली. नग: एक. लिंग: नर. वजन: १३४. मग तो थांबला. "हेतू. कत्तल की पैदास? एक खोडावं लागतं."

"दोन्ही खोड," ओर्मोन म्हणाला.

"दोन्ही खोडता येत नाही. नियम आहे."

सोनुंबूनं हिशेब केला. "तीन मुलं झाली. पैदास खोडा."

ती चिठ्ठी मी वहीत चिकटवली आहे. कालमुर्झा यांनी तिच्यावर सही केली आणि चेहरा जराही हलवला नाही. तेव्हाच मला त्या माणसाबद्दल थोडा आदर वाटायला लागला होता.

बुरुलचाचे नियम साधे होते. चरबी, साखर बंद. तळलेलं बंद. भूक लागली तर काकडी. प्रत्येक मुक्कामावर उतरून स्वतःच्या ट्रकाभोवती पंचवीस फेऱ्या. आणि खाल्लेला प्रत्येक घास फोनवरून सचिवाला कळवणे. ओशला जाऊन यायला चार दिवस, जाता-येता अकरा थांबे. पहिल्या फेरीचा पहिला फोन मला आजही पाठ आहे.

"काय खाल्लंस?"

"काही नाही, बाइके. नुसता चहा."

"चहाबरोबर?"

"नान."

"नानबरोबर?"

"थोडी साय."

"सायीबरोबर?"

बराच वेळ नुसती खरखर. मग आवाज आला, "सायीबरोबर ते लोक होते, बाइके. वाढत होते."

यात ओर्मोनचा दोष नव्हता, हे मी वहीत तेव्हाच लिहिलं. मांडलेल्या अन्नावरून नानचा तुकडा ओठांना न लावता निघून जाणं आमच्याकडे कुणाला जमत नाही. तहसीलदार आला, दिवाळखोर आला, भांडायला आलेला माणूस आला, तरी त्यानं आधी नानला तोंड लावायचं, मग भांडायचं. आणि बावीस वर्षं एकाच रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला अकरा थांब्यांवर अकरा घरं झालेली असतात. कुणाच्या लेकीच्या लग्नाला त्यानं फुकट सामान पोचवलेलं, कुणाची म्हातारी बर्फातून दवाखान्यात नेलेली. ती माणसं त्याला काकडी खाऊन कशी जाऊ देतील? पहिल्या फेरीनंतर चिठ्ठीवर आकडा आला: १३५.

"नानला नाही म्हणू नकोस," बुरुलचा विचार करून म्हणाली. "रीत तोंड लावायची आहे, पोट भरायची नाही. करंगळीच्या नखाएवढं खा. आशीर्वाद पुटपुट आणि ऊठ."

"आणि निघताना शिदोरी बांधून देतात ती? मटण, पिठाचे तळलेले बोर्सोक, घोड्याच्या मांसाचे सॉसेज? ती घरच्यांसाठी असते. नाकारली तर माझ्या घरच्यांचा अपमान केल्यासारखं होतं."

"घे. पण घरी नेऊ नकोस. सचिवाकडे जमा कर."

हा ठराव माझ्याच अक्षरात वहीत आहे. लिहिताना मला त्यात काही धोका दिसला नाही. मग सात ड्रायव्हरांच्या शिदोऱ्या यायला लागल्या. माझी बायको अनारकान पहिल्या दिवशी म्हणाली, "अन्न टाकायचं नसतं." दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "पाहुण्यांना बोलवा." सातार रोज यायचा, पण तो दातांनी अधू. पुढचं सगळं मंडळाच्या कामकाजात गेलं.

फेऱ्यांची भानगड सुसामिरच्या पठारावर झाली. तिथं उन्हाळ्यात मेंढपाळांचे गोल तंबू, म्हणजे यर्टी लागतात आणि बायका घोडीच्या दुधाचं आंबट किमिझ विकतात. ओर्मोननं ट्रक लावला आणि गोल फिरायला सुरुवात केली. सहाव्या फेरीला दोन मेंढपाळ खाली वाकून त्याच्याबरोबर चालू लागले. "काय हरवलं? नट की अंगठी?" दहाव्या फेरीला पाच जण गवत चाचपत होते. पंधराव्या फेरीला एक म्हातारी यर्टीतून धावत आली. आमच्याकडे आजाऱ्याभोवती जिवाचं माणूस फिरतं. त्याची पीडा आपल्या अंगावर घेतं. लाडानं बोलतानासुद्धा आम्ही म्हणतो, तुझ्याभोवती फिरू दे मला.

"अरे वेड्या!" म्हातारी ओरडली. "ट्रकाची पीडा अंगावर घेतोस? लोखंडाचं दुखणं माणसाला सोसतं होय रे?" आणि तिनं त्याला धरून बसवलं, उतारा म्हणून किमिझचे तीन मोठे वाडगे पाजले.

ओर्मोननं फोनवर सगळं प्रामाणिकपणे कळवलं. "पण बाइके, राहिलेल्या दहा फेऱ्या मी नंतर मारल्या. म्हातारी रडत होती, तरी मारल्या."

मी फोन ठेवला आणि वही मिटली. मी एकतीस वर्षं माणसांच्या हट्टाची टिंगल केली. हट्ट कशाला म्हणतात ते मला आत्ता कळत होतं. भर दुपारी, पाच मेंढपाळ आणि एक रडणारी म्हातारी बघत असताना, ट्रकाभोवती दहा फेऱ्या. मला तर सातार बघत असेल तर अंगणात जांभई द्यायलाही लाज वाटते.

जुलैत आकडा १२९ झाला. ऑगस्टमध्ये १२५. रक्तदाबाचा आकडा बघून बुरुलचा आता बोलायला लागली होती, म्हणजे ओरडायला. सगळं सुरळीत चाललंय असं मी वहीत लिहिलं, आणि लगेच संकट आलं.

ओर्मोनचे गाल उतरले होते. आमच्या गल्लीत गाल उतरण्याचे दोनच अर्थ होतात. एक तर माणूस मोठ्या दुखण्यानं आजारी आहे, नाही तर बायको खायला घालत नाही. गल्लीनं दोन्ही धरले. बातमी डोंगर ओलांडून तलासला पोचली, आणि एका शनिवारी ओर्मोनचा थोरला चुलता नऊ नातलग आणि एक जिवंत मेंढा घेऊन आजाऱ्याला भेटायला हजर झाला. दुपारपर्यंत मेंढा जिवंत राहिला नव्हता. सचिव म्हणून मला बोलावणं होतं.

पंगत बसली. मेंढ्याच्या शेपटीची चरबी म्हणजे मानाचा भाग. पांढरीशुभ्र, थरथरणारी, वीतभर जाडीची ती चरबी चुलत्यानं स्वतःच्या हातानं कापली आणि ओर्मोनसमोर धरली.

"खा रे बाळा. या घरात तुझ्याकडे कुणी बघत नाही असं ऐकलं."

सगळ्यांच्या माना सोनुंबूकडे वळल्या. ती चहा ओतत होती. ओर्मोनचा हात अर्ध्यावर थांबला. चुलत्याच्या हातचं नाकारायचं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला काहीतरी चुरचुरीत बोलून वेळ मारून नेता आली असती. पण माझ्या तोंडात बोर्सोक होता.

सोनुंबूनं किटली खाली ठेवली.

"बरोबर ऐकलंत, मामंजी. उपाशी ठेवते. भाजी उकडून घालते, सायीचं भांडं लपवते. गल्ली मला काय म्हणते तेही ठाऊक आहे. बुरुलचाताईनं मला आत नेऊन रक्तदाबाचा आकडा सांगितला, तेव्हा हा बाहेर अंगणात होता. हा घाटात गेला की चार दिवस मी भिंतीवरच्या नानकडे बघत असते. मला हा चौकीत बसलेला नकोय, आणि मातीत निजलेला तर मुळीच नकोय. आता तुम्ही मोठे आहात. तुम्ही भरवा, मी आडवी येणार नाही."

भिंतीवरच्या नानचं तेवढं सांगतो. घरातला माणूस लांबच्या प्रवासाला निघाला की तो ताज्या नानला एक चावा घेतो आणि उरलेला नान भिंतीला टांगतात. परत आला की त्यानं तो संपवायचा. आमच्या ड्रायव्हरांच्या घरात घड्याळ नसेल, पण चावलेला नान असतो.

चुलत्यानं हातातल्या चरबीकडे पाहिलं. सोनुंबूकडे पाहिलं. मग ती चरबी त्यानं शांतपणे ओर्मोनच्या ओठांना टेकवली, नुसती टेकवली, आणि म्हणाला, "मान पोचला." आणि तुकडा पुढे सरकवला. तो फिरत फिरत कुणापुढे थांबला असेल, ते सांगायला नको. मी पाहुणा होतो, आणि वयानं दुसरा.

तीस सप्टेंबर उजाडला. आदल्या रविवारी जनावरांच्या काट्यानं एकशे वीस दाखवले होते, पण सातार म्हणाला की मेंढ्यांच्या काट्यात अर्धा-पाऊण किलो इकडंतिकडं चालतं, गिऱ्हाईक तेवढं बघत नाही. कालमुर्झा म्हणाले की ते बघतात. शेवटचं वजन बुरुलचाच्या दांडीवर.

बाकीचे सहाही जण पार झाले होते. ओर्मोन ओशहून थेट आला, तोंडही न धुता. खोलीत बुरुलचा, कालमुर्झा, सोनुंबू आणि मी. माझ्या दोन्ही हातांत आणि काखेत त्या सहा जणांनी आत्ताच जमा केलेल्या शिदोऱ्या होत्या. ओर्मोन चढला.

ठण्ण.

दांडी वर जाऊन अडकली. बाहेर मेकॅनिक हात धुवायला गेल्याचा आवाज आला. सोनुंबूनं डोळे मिटले.

"कोट काढ," बुरुलचा म्हणाली.

"नाही काढत."

"अरे, जाडजूड कोट घालून वजन करतात का? काढ!"

"नाही ताई. कोटात नान आहे."

त्यानं खिशात हात घातला आणि तुकडे दाखवले. वाळलेले, प्रत्येकाच्या कोपऱ्याला नखाएवढा चावा. अकरा थांबे, अकरा घरं. तोंड लावलेला तुकडा परत ताटात ठेवता येत नाही. रस्त्यावर टाकणं तर पापच. शिदोऱ्या सचिवाकडे जात होत्या, पण चावलेल्या नानचं काय करायचं ते ठरावात नव्हतं. ती चूक माझी. चार खिसे, शिवाय अस्तराच्या आत. खोलीत खुंटी नव्हती. होती ती जमीन, आणि एक खुर्ची, जिच्यावर माणसं बसतात. नान तिथं ठेवता येत नाही, हे तिथं कुणाला सांगावं लागलं नाही.

मी पुढे झालो. पण माझे हात भरलेले होते.

तेव्हा कालमुर्झा उठले. पान चौसष्ट वाचणारे, अर्जावर एक ओळ लिहिणारे कालमुर्झा. त्यांनी टोपी नीट केली, दोन्ही हात पुढे केले, आणि तो कोट, मोठ्या माणसाकडून वाटी घ्यावी तसा, तळहातांवर घेतला. मग ते बसले नाहीत. वजन होईपर्यंत तसेच उभे राहिले. माझा तीनपानी अर्ज मी त्याच क्षणी मनातल्या मनात फाडून टाकला.

ओर्मोन पुन्हा चढला. बुरुलचानं वजन बोटानं सरकवलं. दांडी वर गेली, खाली आली, जराशी डुलली आणि हवेत तरंगत राहिली. आवाजच नाही. चार महिन्यांत त्या खोलीत इतकी शांतता कधी झाली नव्हती.

"एकशे एकोणीस आणि दोनशे ग्रॅम," बुरुलचा म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून तिनं बराच वेळ नाक शिंकरलं. वळली तेव्हा नेहमीसारखी होती. "बाइके, त्या पिशव्या सोनुंबूकडे द्या आणि तुम्ही चढा बघू."

मी माझ्या पदाची आठवण करून दिली. तिनं वही मागितली. मेमधलं माझं वजन तिनं माझ्या नकळत शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं. त्याच्याखाली तिनं नवा आकडा लिहिला आणि दोहोंमधला फरक लाल पेनानं गोल केला. मी एवढंच म्हणालो की हे सातारला कळू नये. संध्याकाळी सातार मला विचारायला आला, कत्तल की पैदास.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा ट्रक फाटकाशी उभा होता. सोनुंबूनं ताजा नान दोन्ही हातांवर धरून ओर्मोनपुढे केला. पूर्वी तो असा चावा घ्यायचा की नानला खिडकी पडायची. भिंतीवर नान कमी आणि भोकच जास्त दिसायचं. या वेळी तो वाकला, नानला दात लावले आणि सरळ झाला. सोनुंबूनं नान उजेडात धरून पाहिला. करंगळीच्या नखाएवढी खूण.

"एवढ्याशा खुणेवर परत येशील ना रे?" तिनं विचारलं.

ओर्मोन नव्या सीटवर चढून बसला. सीटनं हलकेच फुस्स केलं आणि त्याला उचलून धरलं. खिडकीतून तो खाली वाकला.

"आता तर यावंच लागेल. केवढा उरलाय बघ खायचा."

बुरुलचा फाटकातून ओरडली, "एका दिवसात नाही संपवायचा!"

त्यानं हॉर्न वाजवला आणि घाटाकडे निघाला. हॉर्न मला उद्देशून नव्हता, हे मी मान्य करतो. मी तेव्हा माझ्या घराभोवती अकराव्या फेरीत होतो.